दहा रुपये वर्गणीची संस्था आणि माझी खजिनदारकी

आमच्या संस्थेची वार्षिक वर्गणी दहा रुपये. १९८४ साली ठरली तेव्हा दहा रुपयांना काहीतरी वजन असेल, पण मी खजिनदार झाले तेव्हाही दहाच होती. आणि नियमावलीत लिहिलेलं की सर्वसाधारण सभेची नोटीस प्रत्येक सभासदाला ‘अंडर सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग’, म्हणजे पत्र टाकल्याचा पोस्टाचा दाखला घेऊन, पाठवायची. ते यूपीसी पोस्टाने २०११ मध्येच बंद केलं. मग रजिस्टर करायचं, तर तेही २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. म्हणजे माणसाकडून वर्षाला दहा रुपये घ्यायचे आणि त्याला वर्षातून एकदा सभेला बोलवायला त्याहून जास्त घालवायचे. बँकेत आख्खी नोकरी काढली मी, पण असला व्यवहार पाहिला नव्हता.

संस्थेचं नाव सांगत नाही, काही प्रकरणं अजून कोर्टात आहेत. दक्षिण महाराष्ट्रातलं जिल्ह्याचं ठिकाण, कोर्टामागच्या गल्लीत दोन खोल्या, त्यातली एक फायलींनी भरलेली. काम म्हणजे कोठडीत मारहाण झाली, कोणी मेलं, गटारात उतरलेला माणूस गुदमरून गेला, पारधी वस्तीवर रात्री धाड पडली आणि सकाळी पोरं कुठे नेली ते कुणाला माहीत नाही, असं काही असलं की लोक आमच्याकडे येतात. न्यायबंद्यांचे, म्हणजे खटला संपायच्या आधीच तुरुंगात असलेल्यांचे, जामिनाचे अर्ज हे रोजचं. पक्षकाराकडून फी घ्यायची नाही हा पहिल्या दिवसापासूनचा नियम. मी वकील नाही, सहकारी बँकेतून रिटायर झाले, नवऱ्याचे मित्र संस्थेत होते, ‘तुम्हाला आकडे कळतात’ म्हणून एका सभेत माझं नाव पुकारलं, टाळ्या वाजल्या, झाले खजिनदार.

जुन्या लोकांचं एक ब्रीद होतं. कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत, ना सरकारकडून ना परदेशातून ना कुठल्या फंडिंग एजन्सीकडून, संस्था सभासदांच्या वर्गणीवर चालली पाहिजे. हे काही आमच्याच डोक्यातून निघालेलं नाही. जयप्रकाश नारायणांनी १९७६ साली सुरू केलेली पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना आजही देशी किंवा परदेशी कुठल्याच फंडिंग एजन्सीचा पैसा घेत नाही, आणि आमच्यातले दोघंतिघं तिच्याच मुशीतले. न्यायमूर्ती तारकुंड्यांना ऐकलेली ती पिढी. तारकुंडे सासवडचे, मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश होते, नंतर सुप्रीम कोर्टात वकिली केली आणि शेवटपर्यंत नागरी हक्कांच्या कामात राहिले, त्यामुळे आमच्या ऑफिसात त्यांचं नाव घरच्या माणसासारखं निघतं. त्याच्याही मागे जायचं तर १९३६ साली मुंबईत नेहरूंच्या पुढाकाराने इंडियन सिव्हिल लिबर्टीज युनियन निघाली होती, टागोर अध्यक्ष, सरोजिनी नायडू कार्याध्यक्ष. हे सगळं मला आमच्या अध्यक्षांनी पहिल्याच आठवड्यात ऐकवलं. ऐकताना मीही भारावले, खोटं कशाला बोलू.

मग कीर्द उघडली.

तर वर्गणीवर संस्था चालते हे जे आम्ही चाळीस वर्षं सांगत होतो ते कीर्दीत कुठेच दिसेना. वर्गणीच्या खात्यात कुठल्याही वर्षी झेरॉक्सचं बिल भागेल एवढीसुद्धा रक्कम नाही. भाडं कोण भरत होतं, तर एक ज्येष्ठ वकील, ‘अनामत’ म्हणून, जी कधी परत घेतली नाही. मुंबईला हायकोर्टात जायचं तर रेल्वेचं तिकीट, वकिलांच्या चेंबरमधलं टायपिंग, पेपरबुकाचं बाइंडिंग, हे दुसऱ्या एका वकिलाच्या खिशातून, त्याची पावतीसुद्धा नाही. तिसरे एक डॉक्टर दिवाळीला पाकीट देऊन जायचे. थोडक्यात चारपाच भल्या माणसांच्या खिशावर संस्था चालली होती आणि नाव सभासदांचं होतं. त्यातले दोघं करोनात गेले, एकांनी प्रॅक्टिस बंद करून पुण्याला मुलीकडे मुक्काम हलवला. आणि मग सगळ्यांना एकदम शोध लागला की संस्थेला पैशांची अडचण आहे! अडचण पहिल्यापासून होती हो, ती कुणाच्या तरी सदऱ्याच्या खिशात झाकलेली होती एवढंच.

सभासद नोंदवहीत चारशेच्या वर नावं. पत्ते बघितले तर अर्धी माणसं वारलेली, काही गाव सोडून गेलेली, एका पानावर तर एकाच कॉलेजचा आख्खा स्टाफरूम, कुणीतरी एका दुपारी पावती पुस्तक घेऊन फिरलेलं असणार. मी म्हटलं यांना सभासद म्हणायचं का. तर आमच्यातलाच एक तरुण वकील म्हणाला, मॅडम, संस्था नोंदणी कायदा १८६० चा, कलम १५ वाचा. वाचलं. ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकलीय त्याला मत देता येत नाही आणि तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. म्हणजे नोंदवहीतले चारशे गेले, हातात राहिले वीसपंचवीस. आणि गंमत म्हणजे त्या वीसपंचवीसमध्ये आमचे अध्यक्ष नव्हते, सेक्रेटरी नव्हते! दुसऱ्यांच्या हक्कांसाठी रात्री बाराला पोलीस स्टेशनला जाणारी माणसं, पण स्वतःची दहा रुपयांची वर्गणी आठदहा वर्षं थकलेली. कार्यकारिणीत हे सांगितल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले, अध्यक्षांनी पाकीट काढून पाचशेची नोट टेबलावर ठेवली आणि म्हणाले पुढची पन्नास वर्षं जमा करा. मी म्हटलं साहेब, मागची आधी.

इथवर घरगुती भानगड होती, धर्मादाय आयुक्त कार्यालयात गेल्यावर खरं काम सुरू झालं. महाराष्ट्रात सोसायटी म्हणून नोंदवलेली संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवावी लागते, आणि विश्वस्त बदलले की कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांत बदल अर्ज टाकावा लागतो, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. तो मंजूर झाला की परिशिष्ट एकवर, म्हणजे त्या कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर, नवी नावं चढतात. आमच्या परिशिष्ट एकचा उतारा काढला तर त्यावरची बरीचशी नावं आता फक्त श्रद्धांजलीच्या ठरावात सापडतील. मधले दोन चेंज रिपोर्ट टाकलेले होते, पण सुनावणीला कुणी उभंच राहिलं नाही म्हणून ते गैरहजेरीत निकाली निघाले. ज्या संस्थेत निम्मे लोक वकील तिथे ही तऱ्हा, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. इथे ऑफिसला दोष देण्यात अर्थ नव्हता, तारीख दिली होती, आम्हीच गेलो नव्हतो.

मागचा मंजूर झाल्याशिवाय पुढचा सरकत नाही. म्हणून सगळं मागून पुढे लावत आणायचं: त्या त्या वर्षीच्या सभेची नोटीस, ती पाठवल्याचा पुरावा, प्रोसिडिंग बुकातला ठराव, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं, प्रतिज्ञापत्रं, गेलेल्यांचे मृत्यूचे दाखले, आणि उशीर का झाला त्याचा विलंब माफीचा अर्ज वेगळा. मृत्यूचे दाखले गोळा करणं हे माझ्याकडे आलं, कारण बाई माणूस घरात जाऊन मागू शकते असं वकील मंडळींचं मत. गेले. एकांचा मुलगा न्यू जर्सीत, त्याला मेसेज केला, त्याने दाखला पाठवला आणि सोबत विचारलं की बाबांची ही संस्था अजून आहे का. दुसऱ्या एका घरी सुनेने दारातच सांगितलं की त्या संस्थेपायी आमच्याकडे एकदा पोलीस चौकशीला आले होते, तुम्ही परत येऊ नका. दाखला मात्र दिला.

नोटीस पाठवल्याचा पुरावा हे मोठं दुखणं. जुन्या सभांच्या यूपीसीच्या पावत्या एका पत्र्याच्या डब्यात होत्या, त्यातल्या काही वाळवीने खाल्लेल्या. प्रत्येक सभेच्या इतिवृत्तात तेच वाक्य, ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात आली’. गणपूर्ती एक तृतीयांशाची, नोंदवही चारशेची, म्हणजे सव्वाशेच्या वर माणसं लागणार, खोलीत मावतात पंधरा. त्यामुळे तहकूब सभा हीच आमची सभा. पुढे कलम १५ प्रमाणे चालू सभासद मोजायचे ठरवल्यावर पहिल्यांदा आमची गणपूर्ती वेळेवर झाली, तर लोकांना सवयीने अर्धा तास बसावंसं वाटत होतं, चहा तेव्हाच यायचा ना.

चेंज रिपोर्ट अडकला की बँक अडकते हे बँकेत राहून मला माहीत होतं, पण काउंटरच्या या बाजूने पहिल्यांदा कळलं. सही करणारे दोन, त्यातले एक वारलेले, नव्या सहीला परिशिष्ट एक पाहिजे, परिशिष्ट एकला चेंज रिपोर्ट पाहिजे. खातं केवायसीत गोठलेलं. तेवढ्या काळात एका न्यायबंद्याच्या जामिनाची रोख रक्कम भरायची वेळ आली, कोर्टाने जामीन दिलेला, भरायला पैसे नाहीत म्हणून पोरगा आत. आमचे पैसे खात्यात आणि आम्ही बाहेर. शेवटी आम्ही तिघींनी वैयक्तिक काढून भरले. कुणी म्हणेल सरकारची गरीब कैद्यांची योजना आहे की, २०२३ ची, न्यायबंद्याच्या जामिनासाठी पैसे मिळतात. आहे, आणि चांगली आहे, पण त्यात जिल्हा समितीसमोर प्रकरण जाणार, मग मंजुरी, आणि त्या पोराची आई रोज सकाळी ऑफिसच्या पायरीवर येऊन बसते तेव्हा तिला समिती कशी समजावून सांगायची.

आता वर्गणी गोळा करायची. ठरलं की नोंदवहीतल्या जिवंत लोकांकडे प्रत्यक्ष जायचं. मला वाटलं होतं लोक पैशाला नाही म्हणतील. पैशाला कुणीच नाही म्हणालं नाही, नावाला नाही म्हणाले. ‘मॅडम हे घ्या पाचशे, पण पावती नको, माझं नाव लिहू नका.’ एक शिक्षक, एक वीज मंडळातले, एक निवृत्त तहसीलदारसुद्धा. २०१८ मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात वकिलांनाही अटक झाली, सुरेंद्र गडलिंग, सुधा भारद्वाज, तेव्हापासून ही भीती बसलेली. भारद्वाज तर पीयूसीएलच्या पदाधिकारी, डिसेंबर २०२१ पर्यंत आत. त्यात जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्यात बेकायदा ठरवलेल्या संघटनेचा सभासद असल्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि सभासद नसूनही तिला पैसे दिले तरी शिक्षा. आमची संस्था कुणी बेकायदा ठरवलेली नाही, नोंदणीकृत आहे, हिशेब सगळे तपासलेले, हे मी प्रत्येकाच्या दिवाणखान्यात सांगत होते, आणि समोरचा माणूस मान हलवत होता आणि मग म्हणत होता, ‘ते बरोबर आहे, पण पोरीचं पासपोर्टचं चाललंय सध्या.’ यावर काय बोलणार. माणूस भित्रा नाही, त्याने हिशेब मांडलाय.

बरं, बिननावाचे पैसे घेता येतात का, तर तिथेही आयकराचं कलम आहे. देणाऱ्याचं नाव-पत्ता नोंदवला नाही तर ती निनावी देणगी, आणि ठरावीक मर्यादेच्या वर गेली की तीस टक्के कर. आमची मर्यादा काही ओलांडली जाणार नव्हती, एक लाखाच्या आतला मामला, पण आमचे सीए म्हणाले ही सवय लावून घेऊ नका, उद्या कुणी विचारलं की पैसा कुठून आला तर ‘एक गृहस्थ’ असं उत्तर मानवी हक्कवाल्या संस्थेने द्यायचं नसतं. बरोबर बोलले. म्हणून पाचशेची ती पाकिटं आम्ही परत केली. खजिनदार म्हणून सगळ्यात जड गेलेलं काम हे.

८०जी ची तऱ्हा तिसरीच. पूर्वी देणगी मागताना ‘करात सवलत मिळेल’ हे शेवटचं अस्त्र असायचं. आता नव्या करप्रणालीत ८०जी ची वजावटच नाही, आणि २०२३-२४ पासून तीच करप्रणाली आपोआप लागू होते, त्यामुळे निम्मे पगारदार म्हणतात पावतीचा मला काय उपयोग. ज्यांना उपयोग आहे त्यांच्यासाठी आम्हाला दरवर्षी ३१ मे पर्यंत फॉर्म १०बीडी भरायचा, त्यात देणगीदाराचा पॅन किंवा आधार, उशीर झाला तर दिवसाला दोनशे रुपये. पॅन मागितला की परत तोच प्रश्न, माझं नाव पोर्टलवर जाणार का? जाणार. मग राहू द्या. त्यातल्या त्यात एक वाट अशी की सभासद वर्गणी ही देणगी नव्हे, ती १०बीडी मध्ये जात नाही, आपल्या नोंदवहीत आणि पावतीवर राहते. हे समजावून सांगितल्यावर काही जण तयार झाले. म्हणून सरळ वर्गणीच वाढवायची असं माझ्या डोक्यात तिथूनच आलं.

२०२१ मध्ये सगळ्यांना १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला सवलत) ची नोंदणी नव्याने करावी लागली होती, तिची मुदत ३१ मार्च २०२६, आणि नूतनीकरणाचा अर्ज सहा महिने आधी, म्हणजे ३० सप्टेंबर २०२५ च्या आत फॉर्म १०एबी. आमच्या सुदैवाने २०२५ मध्येच नियम बदलला, ज्यांचं उत्पन्न पाच कोटींच्या आत त्यांची १२एबी ची (१२ए चंच नवं रूप) नोंदणी दहा वर्षांसाठी. पाच कोटी वाचून कार्यकारिणी पोट धरून हसली. अर्जानंतर ऑनलाइन विचारणा आली, तीन वर्षांचे हिशेब, कामाचा तपशील, आणि कामाचे फोटो. आता आमच्या कामाचे फोटो कुठले? कोर्टात फोटो काढता येत नाहीत, तुरुंगात मोबाईल नेता येत नाही, आणि मारहाण झालेल्या माणसाचा फोटो आम्ही काढतो तो पुराव्यासाठी, तो काय अल्बमला लावायचा? वह्या वाटणाऱ्या संस्थांचं बरं असतं, पोरं रांगेत, हातात वही, मागे बॅनर. शेवटी फायलींची खोली, कायदेविषयक शिबिराचा एक जुना फोटो आणि कोर्टाच्या आदेशांच्या प्रती, नावं झाकून, असं पाठवलं. वाढीव खुलासा मागितला, तोही दिला, झालं काम.

या सगळ्या काळात आमच्यातले तरुण म्हणत होते की एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायचा परवाना, काढू. आमच्या वयाचे लोक नाव काढलं तरी कानावर हात. मी म्हटलं तत्त्व बाजूला ठेवा, आधी नियम बघू. नोंदणीसाठी किमान तीन वर्षांचं काम आणि त्या तीन वर्षांत पंधरा लाख रुपये खर्च केलेला असावा. इथेच आम्ही बाद. समजा नसतो, तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी पैसा फक्त दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात येणार, आणि प्रशासकीय खर्च पन्नास टक्क्यांवरून वीसवर आणला. प्रशासकीय म्हणजे काय, तर नियमातल्या यादीत भाडं आहे, हिशेबाचा खर्च आहे आणि ‘कायदेशीर व व्यावसायिक शुल्क’ही आहे. सीए मिश्कील माणूस, म्हणाले, तुमचा तर सगळा खर्चच कायदेशीर, उरलेल्या ऐंशी टक्क्यांत काय करणार, झाडं लावणार?

पण लहान संस्थांना खरा फटका बसला तो दुसऱ्याच कलमाने. पूर्वी मोठी संस्था परदेशी पैसा आणून त्यातला थोडा जिल्ह्यातल्या लहान संस्थेला पोचवू शकायची, ते २०२० नंतर पूर्ण बंद. सुप्रीम कोर्टानेही एप्रिल २०२२ मध्ये त्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. आणि मोठ्यांचं काय झालं तेही समोर आहे. इंदिरा जयसिंग आणि आनंद ग्रोव्हर या वकिलांच्या लॉयर्स कलेक्टिव्ह संस्थेचा परवाना २०१६ मध्ये रद्द झाला, आरोप त्यांनी फेटाळले आणि कोर्टात गेले. खाती गोठवली गेल्यावर अॅम्नेस्टीने सप्टेंबर २०२० मध्ये भारतातलं काम थांबवलं. कॉमनवेल्थ ह्यूमन राइट्स इनिशिएटिव्हचा परवाना २०२२ मध्ये रद्द. हे ऐकल्यावर तरुणांनी स्वतःच विषय मागे घेतला. मला स्वतःला परदेशी पैशाचं वावडं नाही, कैद्याला जामीन कुठल्या चलनात मिळाला याने त्याला फरक पडत नाही. पण ज्या पैशाचा नळ दुसऱ्याच्या हातात आहे त्यावर पगार बांधायचे नाहीत एवढं मला बँकेने शिकवलंय.

सीएसआरचंही, म्हणजे कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीचं, करून बघितलं. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या एचआर साहेबांनी चहा पाजला, ऐकून घेतलं, आणि म्हणाले, मॅडम, वॉटर कूलर देऊ का? कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात शिक्षण आहे, आरोग्य आहे, पर्यावरण आहे, खेळ आहे, कोठडीतल्या मृत्यूचा खटला कुठे बसवायचा? शिवाय उद्या त्यांच्याच कंत्राटी कामगाराची केस आमच्याकडे आली तर? हे ते बोलले नाहीत, पण दोघांच्याही मनात होतं. क्राउडफंडिंगवर लहान मुलाच्या ऑपरेशनला पैसे येतात, आरोपीच्या जामिनाला कोण देणार.

माणसं टिकवणं हाही पैशाचाच भाग. आमच्याकडचे दोन चांगले ज्युनियर लोकअभिरक्षक कार्यालयात गेले, गरीब आरोपींना फुकट वकील देणारी विधी सेवा प्राधिकरणाची ती नवी योजना, महिन्याला ठरलेलं मानधन. मला वाईट वाटलं नाही, उलट आत आपली दोन माणसं झाली. पण ऑफिसात टेबलं रिकामी. एक दिलासा असा की १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांची मुंबईवारी वाचली. आमच्या खर्चात सगळ्यात मोठा आकडा मुंबईचा असायचा, रात्रीची गाडी, मुक्काम, आणि बोर्डावर मॅटर पोचलंच नाही की परत. आता वकील सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी घरी. गेल्या काही वर्षांत संस्थेला झालेली सगळ्यात मोठी आर्थिक मदत कुठली म्हणाल तर ही, आणि तिची पावती फाडता येत नाही.

आता एका बाईंचं सांगते. नवरा गटार साफ करताना गेला होता. सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या निकालाप्रमाणे अशा मृत्यूला दहा लाख, २०२३ च्या निकालाने नव्या मृत्यूंना तीस. हा जुना मृत्यू, दहा लाख मिळायलाच वर्षं गेली. पैसे खात्यात जमा झाल्यावर बाई ऑफिसात आल्या, पिशवीतून रोख काढून टेबलावर ठेवली, ताई हे संस्थेला. मोठी रक्कम होती. वकिलांनी निकालाच्या रकमेत वाटा घ्यायचा नाही हा बार कौन्सिलचा नियम आहे, आणि हे फी नाही, देणगी आहे, असं म्हटलं तरी बघणाऱ्याला काय दिसणार? अध्यक्षांनी हात जोडून नाही म्हटलं. बाई चिडल्या. ‘साहेबलोकांचे पैसे चालतात, आमचे चालत नाहीत?’ खोलीत एकदम शांत झालं, कुणालाच उत्तर सुचेना. मग म्हणाल्या, मग मला मेंबर करा.

त्यावरून कार्यकारिणीत जे भांडण झालं तसं पूर्वी कधी झालं नव्हतं. एक बाजू म्हणे पक्षकार सभासद झाले की उद्या समोरचा वकील कोर्टात म्हणणार संस्था स्वतःच्याच लोकांच्या केसेस चालवते. दुसरी बाजू, तिच्यात मी, म्हणे चाळीस वर्षांत ज्यांच्यासाठी काम केलं त्यातला एकही माणूस नोंदवहीत का नाही? प्राध्यापक आहेत, डॉक्टर आहेत, पारधी वस्तीतला एक नाही, विडी वळणारी एक बाई नाही. आपण ज्यांच्याकडे वर्गणी मागत फिरतो त्यांना नाव लावायची भीती वाटते, आणि ज्यांचं नाव आधीच पोलीस डायरीत चढून झालंय ते नाव लावायला तयार आहेत, त्यांना आपण नाही म्हणतोय. शेवटी मधला रस्ता निघाला. प्रकरण पूर्ण निकाली निघाल्यावर पक्षकार सभासद होऊ शकतो, देणगी घ्यायची नाही, वर्गणी घ्यायची. वर्गणी शंभर रुपये, ज्यांना झेपेल त्यांच्यासाठी हजाराची वेगळी, मत दोघांचं एकच. नोटीस व्हॉट्सअॅपवर आणि ऑफिसच्या फळ्यावर, पोस्टाने मागेल त्यालाच. दोन तृतीयांशाने ठराव झाला, नियमावलीची दुरुस्ती धर्मादाय कार्यालयात दाखल केली, जुन्या चेंज रिपोर्टपैकी पहिला मंजूर झालाय, दुसऱ्याची तारीख लागली आहे, आणि यावेळी सुनावणीला मी स्वतः जाऊन बसते.

पैशांचं म्हणाल तर शंभराच्या वर्गणीने भाडं निघतं, पूर्ण नाही, चारातले तीन भाग. उरलेलं अजूनही दोन वकील आणि एक डॉक्टर देतात, फक्त आता चेकने आणि पावती घेऊन, कीर्दीत त्यांच्या नावावर. कोणाच्या जिवावर चाललंय ते कागदावर दिसतं. जुन्या लोकांपैकी एकांना हे आवडलं नाही, म्हणाले दानाची जाहिरात झाली. होऊ दे.

नव्या सभासद बायका सभेला येतात आणि असे प्रश्न विचारतात जे प्राध्यापकांनी कधी विचारले नव्हते. ऑफिस अकराला का उघडतं, आम्ही तर आठला कामावर असतो. तारीख पडली ते आम्हाला फोन करून का सांगत नाही. झेरॉक्सला एवढे का लागतात, आमच्या पोराचं दुकान आहे, निम्म्यात करून देईल. (दिलं करून, खरंच कमी लागतात.) येत्या सभेत त्यांचा विषय आहे की ऑफिस रविवारी उघडं ठेवावं, कारण कामगाराला तोच दिवस मोकळा. वकील मंडळी म्हणतात आम्हालाही तोच दिवस मोकळा. विषय क्रमांक सहा आहे, आणि मतं मोजली तर बायका जास्त भरतात.